मालकाची ऐपत

इंदापूरच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसून ते लोकांचे अर्ज लिहून देत. सगळे त्यांना आबा म्हणायचे. कुठलाही कागद खालून वर वाचायची त्यांची सवय. आधी सही बघायची, मग मजकूर. सही घाईघाईत केलेली दिसली की नाक मुरडायचे.

माझा धाकटा भाऊ सुतारकाम करायचा. मोंबासाच्या एका कारखानदारानं त्याला कामाला बोलावलं. पण मालकाला पगार परवडतो, याचा पुरावा जोडल्याशिवाय तिकडचं सरकार परवाना देत नव्हतं. म्हणून मालकानं बँकेचं पत्र आणि कारखान्याचा फोटो पाठवला होता.

पत्र वाचून आबांनी मान डोलावली. फोटोही त्यांनी खालूनच बघायला घेतला, भिंग धरून. मालक बूट घालून खुर्चीत बसलेला, मागं चार कामगार उभे.

"ऐपत हाय. ती मी झ्याक मांडतो," ते म्हणाले. "पर ह्या चौघांच्या पायात काय न्हाय."

"आबा, आमी तरी कुठं घालतो?" भाऊ चिडला.

"सुतारखान्यात खिळं सांडल्यालं असत्यात, लेका."

तरीही अर्ज त्यांनी असा लिहिला, की पहिल्याच फेरीत मंजूर झाला. चांगल्या कामात असं कशाला बोलावं, म्हणून मला मात्र त्यांचा रागच आला होता.

सहा महिन्यांनी भावाचा फोटो आला. अंगात नवा कोट, नीट पाडलेला भांग. मी तो मिरवत कचेरीवर नेला. लिहिता हात न थांबवता आबांनी विचारलं, "पाय दिसत्यात का?"

फोटो कमरेपर्यंतचाच होता.