दर दहा सेकंदांनी

सावली तालुक्यातल्या एका गावात सोमाजी वारले, तेव्हा त्यांची मुलगी सत्यशीला रडली नाही. गेलेल्याला सारे जमून निरोप देतात, त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीही नाही. बुद्धवंदना आटोपल्यावर एक बाई दुसरीच्या कानात म्हणाली, "पाय कशी दगडागोट्यावानी बसली पोरगी." सत्यशीलाला ते ऐकू आलं आणि पटलंही. आतून काही येतच नव्हतं, तर रडायचं कशाच्या जोरावर?

ती गडचिरोलीला एका लहानशा इंटरनेट कंपनीत स्विच सांभाळायची. स्विच म्हणजे कपाटात बसवलेली, दिवे लुकलुकणारी चपटी पेटी. कुणाचा निरोप कोणत्या वाटेने जाईल, हे ती पेटी ठरवते. कंपनीची केबल रस्त्याच्या कडेने जमिनीखालून येत होती, आणि रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीला ती दर पंधरवड्याला बरोब्बर सापडायची. म्हणून सत्यशीलाने हवेतून दुसरी वाट काढली. बाबांच्या स्लॅबवर खांब उभा केला, त्यावर बिनतारी निरोप पोचवणारा रेडिओ, बाजूला सोलर पॅनल आणि बॅटरी. मग स्विचला शिकवलं, की केबल तुटली तर कुणाला विचारत बसू नको, आपलं आपण बाबांच्या घरावरून जा.

त्यासाठी दोन्ही टोकं एकमेकांना दर दहा सेकंदांनी हाक देतात, मी आहे म्हणून. चाळीस सेकंद हाक आली नाही, की स्विच समोरच्याला मेला समजतो आणि पुढच्या कामाला लागतो. दुखवटा वगैरे त्याला कुणी शिकवलेला नाही.

सोमाजी ते पॅनल रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायचे. तापलेली सपाट जागा दिसली की आजूबाजूच्या बायांचे हात शिवशिवत, आणि शेजारची कमलाबाई तर हमखास मिरच्या पसरायची. मग सोमाजी अंगणातून ओरडायचे, "कमलाबाई, उचला त्या मिरच्या! माह्या पोरीचं ऑफिस बंद पडते!"

बाबा गेल्यावर मालक म्हणाले, "मॅडम, घर बंद राहणार असेल तर ती वाट स्विचमधून काढून टाका. पॅनल पुसणारं कोणी नाही, भरवसा कसा ठेवायचा?" दोन मिनिटांचं काम. सत्यशीला "करते" म्हणाली आणि केलं नाही. स्विचच्या यादीत त्या टोकाचं नाव तिनेच एकदा हौसेने 'सोमाजी' ठेवलं होतं, आणि रिकाम्या घरावरून दर दहा सेकंदांनी हाक येतच होती. ती यादी उघडी ठेवून दिवसभर बसायची. बरं वाटत नव्हतं, वाईटही वाटत नव्हतं. ती एक ओळ जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला हाक थांबली. तिने चाळीस सेकंद मोजले. ओळ गेली. केबल शाबूत होती, त्यामुळे कुणाचं काहीच अडलं नाही. तक्रारीचा एक फोनसुद्धा आला नाही.

शेजारच्या टेबलावरून स्वप्निल म्हणाला, "ताई, मी काढून टाकतो ते नाव. तुमी काऊन त्रास घेता?"

"हात नोको लावू," सत्यशीला म्हणाली. "पाहून येतो मी. संध्याकाळपर्यंत नाई आलं तं काढ."

वैनगंगेचा पूल ओलांडून ती स्कूटीने गावात पोचली. वाटेत तिने बॅटरीला दोष दिला, माकडांना दिला, कमलाबाईच्या मिरच्यांना तर दिलाच दिला. जिना चढून वर आली आणि थांबली.

पॅनलवर बाबांची गोधडी वाळत होती. चारी कोपऱ्यांवर विटा ठेवून नीट ताणलेली.

ती तिनेच घातली होती. सोमवारी घराला कुलूप लावण्याआधी तिने बाबांचं अंथरूण धुतलं, पिळून वर आणलं, आणि हात सवयीने त्या तापलेल्या जागेकडे गेले. बाबा साऱ्या बायांना ज्यासाठी बोलत आले, ते त्यांच्याच पोरीने केलं. आणि या खेपेला अंगणातून ओरडायला कोणी नव्हतं.

तिने विटा बाजूला केल्या. उन्हाने कडक झालेली गोधडी उचलून नाकाला लावली. नुसता साबणाचा वास आला. बाबांचा वास तिने आपल्या हातांनी धुऊन टाकला होता.

ओढणीने पॅनल पुसून ती तिथेच बसून राहिली. बऱ्याच वेळाने खांबावरचा हिरवा दिवा लागला, आणि थोड्या वेळात फोन वाजला.

"ताई, आले!" स्वप्निल खुशीत होता. "सोमाजी आले परत!"

"नाई रे," सत्यशीला म्हणाली. "बाबा गेले."

हे ती पहिल्यांदाच बोलत होती. बोलली, आणि गोधडीत तोंड खुपसून अशी ओरडून रडली, की कमलाबाई हातातलं काम टाकून धावत वर आली. तिने पोरीला पोटाशी धरलं. मग मोकळ्या हाताने पदराचं टोक धरलं आणि पॅनलचा पुसायचा राहिलेला कोपरा पुसून काढला.