बळवंतने उघडलेला लॅपटॉप

बळवंत उपळेकरचा बाजारावर विश्वास नव्हता, आणि दिल्लीच्या बाजारावर तर मुळीच नव्हता. दुकानात दुरुस्तीला दिलेली वस्तू आतून अर्धी बदलून परत येते, हे त्याचं ठाम मत. इंदिरापुरमच्या आमच्या सोसायटीत तो राहायला आला तेव्हापासून त्याच्या घरातली एकही वस्तू परक्या हाताने उघडलेली नाही. गीझर, मिक्सर, इन्व्हर्टर, सगळं तो बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून खोलायचा, आणि जमलंच तर माझ्या घरचंही. मी जन्मभर केंद्र सरकारच्या फायली सरकवलेला माणूस, मला फ्यूज बदलता येत नाही. म्हणून तो मला ‘सरकार’ म्हणायचा.

फरीदाबादच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्सचा फोरमन होता. नव्वद सालानंतर कारखाना परदेशी मालकाकडे गेला, नवी यंत्रं आली आणि यंत्रांवर सील आलं. बिघडलं तर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस येईल, तोवर हात लावायचा नाही. जन्मभर यंत्रांच्या पोटात हात घातलेल्या माणसाने आता नुसता फोन फिरवायचा. बळवंतने एकदा सील फोडून बंद यंत्र चालू करून दाखवलं. त्याबद्दल त्याला मेमो मिळाला आणि पुढे स्वेच्छानिवृत्ती. त्यात ‘स्वेच्छा’ हा शब्द कोणी घातला त्याला मला एकदा भेटायचं आहे.

त्याची मुलगी देवयानी नोएडातल्या एका कंपनीत नुकतीच लागली होती. अजून प्रोबेशन चालू होतं. कंपनीने तिला लॅपटॉप दिला होता. आमच्या रस्त्यावर तेव्हा मेट्रोचे खांब नुकते उभे राहत होते, आणि ती रोज शेअर ऑटोत तो लॅपटॉप पोटाशी धरून बसायची.

खंडेनवमीला बळवंत आपली हत्यारं पाटावर मांडतो. पकडी, पाने, स्क्रू ड्रायव्हर, सगळ्यांना हळदकुंकू. त्या वर्षी त्याच्या बायकोने, अलकनंदावहिनींनी, लेकीचा लॅपटॉपही पाटावर ठेवला. उघडून ठेवला, कीबोर्डवर विडा मांडला, दोन पानं, वर सुपारी आणि एक फूल. संध्याकाळी बळवंतने पानं आणि फूल उचललं आणि झाकण दाबून बंद केलं. सुपारी घरंगळून कीबोर्डच्या कोपऱ्यात गेली होती, ती त्याला दिसली नाही. बारीकसा आवाज आला. उघडून पाहिलं तर पडद्यावर शाई सांडल्यासारखा काळा डाग.

देवयानी रडली नाही, रागावलीही नाही. “इट्स ओके, बाबा. ऑफिसात पडला म्हणून सांगते, आयटीवाले बदलून देतील. बस, तुम्ही हात लावू नका, प्लीज.” आणि सुट्टी जोडून ती मैत्रिणींबरोबर जयपूरला गेली.

आता, ज्याला हात लावू नका म्हणून कारखान्याने घरी पाठवलं, त्याला घरातही तेच ऐकायला लागावं? मला म्हणाला, “सरकार, मोडला मी, तर बसवीनही मीच. पोरीला खोटं कशाला बोलायला लावायचं?” नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेला, चार दुकानं फिरला आणि अगदी तसाच पडदा घेऊन आला. त्या वेळचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही. कारखाना सुटल्यापासून इतका खूश मी त्याला पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी माझ्या दाराशी. “भावजी, तुमचीही लाइट गेलीय?” माझी चालू होती. खाली त्यांच्या घरी जाऊन बघतो तर या पठ्ठ्याने घराचा मेन स्विचच पाडलेला. पंखा बंद, घामाने बनियन चिकटलेलं, समोर लॅपटॉप उघडा. “लाइन बंद केल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही,” म्हणाला. चौकट काढली, जुना पडदा अलगद बाजूला ठेवला, नवा टेकवला. मग वायर खोचली आणि चट् असा आवाज झाला. जळका वास आला.

त्याने लॅपटॉप उलटा केला. “सरकार, बॅटरी काढायची राहिली रे.”

बॅटरी असते हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण हाताला एकच वळण होतं. कारखान्यात वीज भिंतीतून यायची, मेन पाडला की यंत्र मेलं. हे यंत्र आपली वीज पोटात घेऊन बसलं होतं. बॅटरी काढून त्याने पुन्हा सगळं जोडून पाहिलं, पण लॅपटॉप सुरूच होईना.

देवयानी परतली आणि मग घरात जे झालं ते मला वहिनींनी सांगितलं. कंपनीचा नियम असा की मशीन बाहेरच्याच्या हाती दिलं, उघडू दिलं, तर प्रोबेशनवाल्याची नोकरी जाते. लॅपटॉपवरचं कंपनीचं सील तुटलं होतं, पडला म्हणायची सोय उरली नव्हती. ती बापासमोर बसली आणि म्हणाली, “बाबा, एकच रस्ता आहे. मी सांगते की तुमची तब्येत ठीक नसते, तुम्हाला कळत नाही, मी नसताना तुम्ही तो उघडलात. कुणाचीच चूक नाही मग.” बळवंतने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते वहिनींना कळलं नाही. देवयानीने ते हो धरलं.

लॅपटॉप न्यायला कंपनीचा माणूस आला तेव्हा मी तिथेच होतो. त्याने आत बघितलं आणि म्हणाला, “काम तो सफाई से किया है। अंकल, आपने खोला?”

कारखाना सोडल्यापासून कुणी परक्याने केलेली ती पहिली तारीफ. बळवंतचे डोळे एकदम जागे झाले. मला वाटलं, आता हा सांगणार, चौकट कशी काढली, वायर कशी बसवली, कुठे चुकलं. देवयानी खिडकीतून बाहेर बघत होती.

“याद नहीं बेटा,” बळवंत म्हणाला.

नोकरी वाचली. देवयानी कायम झाली, पेढे वाटले गेले. मी खाल्ला, गोड लागला नाही.

दिवाळीत तिची मॅनेजर निधी फराळाला आली. भली बाई. बळवंतशेजारी बसून तिने त्याचा हात हातात घेतला. बहिऱ्याशी बोलतात तसं मोठ्याने, सावकाश विचारलं, “अंकल, आज कौन सा त्योहार है? मालूम है?”

भाऊबीज होती. सकाळीच करोलबागेहून त्याची बहीण येऊन ओवाळून गेली होती, कपाळावर टिळा अजून तसाच होता. मी म्हणणारच होतो, “बाई, याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.” पण बळवंतने माझ्याकडे बघितलंच नाही. त्याने लेकीकडे बघितलं. तिच्या हातात चकल्यांचं ताट होतं आणि ती जागच्या जागी थांबली होती.

“नहीं बेटा,” तो म्हणाला. “तुम बताओ।”

देवयानीने ताट पुढे केलं आणि निधीला आणखी एक चकली वाढली.