आग न पाहिलेला तुकडा

भूत, करणी, नजर... आमच्या घरात हे शब्दच चालत नाहीत. बावीस प्रतिज्ञांचं घर आहे आमचं. त्यात मी मेटलर्जीचा इंजिनियर, खानदानातला पहिला ग्रॅज्युएट — आणि हे मी मिरवतो. का मिरवू नये?

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कोळशाचा बॉयलर आहे. धुरातलं गंधक नळ्या खातं, पातळ झालेली नळी फुटली तर समोरचा माणूस वाचत नाही, म्हणून साध्या स्टीलवर भारी मिश्रधातूचा थर चढवलेल्या नळ्या बसवल्या. निवड माझी. अशा नळीचा एक तुकडा आगीपासून लांब ठेवतात, पुढे झिजलेल्या नळीशी ताडून बघायला. एमआयडीसीच्या हवेत तोही खराब होईल म्हणून मी तो बदलापूरला घरी आणला. काचेच्या कपाटात, माझ्या डिग्रीशेजारी ठेवला.

माझा धाकटा भाऊ संदीप त्याच बॉयलरवर ऑपरेटर आहे.

एका रविवारी बुद्धवंदनेनंतर आई कपाट पुसत होती. "अरे, तुझ्या लोखंडातून राख पडतेय."

मी हसलो. मग बोट फिरवलं... थर गेलेला. आगीसमोरची नळी झिजते तसा, एकाच बाजूने! शेजारचे संदीपचे कबड्डीचे कप मात्र चकचकीत.

शटडाऊनमध्ये बॉयलरच्या नळ्यांची जाडी स्वतः मोजली. नव्यासारख्या. मीटर बदलून मोजली — तेच. साहेब खूश. तुकडा दाखवला तर म्हणाले, "ये कबाड देखके प्लांट बंद करूं क्या?"

लॅबमधल्या मित्राला तुकडा दिला. काहीच सांगितलं नाही. त्याने तपासून विचारलं, "किती वर्षं चालला रे हा बॉयलरमध्ये?"

त्या दिवशी संदीपला म्हटलं, सोड ही नोकरी.

"नळ्या ओके आहेत अशी सही तूच केलीस ना, दादा?"

"केली. पण मला भीती वाटते."

"मग घर कशावर चालवू? तुझ्या भीतीवर?"

गेल्या आठवड्यात तुकड्याला झिजून आरपार भोक पडलं. बॉयलरमधल्या नळ्या आजही पूर्ण जाड आहेत. तिथे जे झिजायला हवं ते इथे का झिजलं, आणि आता इथे झिजायला काही उरलं नाही तर पुढे काय... कुठल्या पुस्तकात शोधू?

आज सकाळी संदीप दारात बूट घालत होता. आई डबा घेऊन उभी.

"काय म्हणतंय तुझं लोखंड, दादा?" तो हसत म्हणाला.

आई माझ्याकडे बघत राहिली. तो डबा घेऊन गेला.