मीठ कमी पडलेला बर्गर

दोन हजार साल उलटून गेलं तरी हिंगोलीत बर्गर ही नवलाईच होती. मिळायचा तीन ठिकाणी, आणि तिन्ही ठिकाणी निराळाच पदार्थ. मी आणि माझी वहिनी, आम्ही दोघींनी ती तिन्ही पालथी घातली होती. निमित्त ठरलेलं. मला बघून गेलेल्यांचा नकार आला की वहिनी पदर खोचून म्हणायची, "उठा नणंदबाई, बर्गर खाऊन येऊ."

वहिनीचं माहेर नांदेडचं. कॉलेजात असताना तिने तिथे बर्गर खाल्ले होते, म्हणून आमच्या घरात या विषयातली जाणकार ती एकटीच. तिचा नियम होता, नुसतं बरंय म्हणून उठायचं नाही, काय कमी पडलं ते करणाऱ्याला तोंडावर सांगायचं. आणि ती सांगायची. बसस्टँडजवळच्या गाडीवाल्याला म्हणाली, "दादा, टिक्की झकास हाय, पण पाव कालचा हाय." बेकरीवाल्या चाचांचा पाव ताजा, मऊ, पण त्यात टुटीफ्रुटी! "चाचा, ये बर्गर है कि केक?" तर चाचा म्हणाले, "बच्चों को मीठाच होना, बेटी." पण पुढच्या खेपेला आमच्यासाठी साधे पाव बाजूला काढून ठेवलेले.

तिसरं आइस्क्रीमचं दुकान. तिथे एकादशीला चक्क उपवासाचा बर्गर मिळायचा. साबुदाण्याची टिक्की, शेंगदाण्याची चटणी, आणि वर-खाली मैद्याचा पाव. वहिनीने विचारलं, "पाव कोणत्या उपासाला चालतो हो?" दुकानदार शांतपणे म्हणाला, "टिक्की उपासाची हाय ताई. पावाचं ज्यानं त्यानं बघावं." आम्हाला उपास नव्हताच, म्हणून आणखी एकेक मागवला.

हे सगळं हसण्यावारी नेत होतो, पण दुखणं खरं होतं. लोक यायचे, पोहे खायचे, छान झालेत म्हणायचे, "कळवतो" म्हणून जायचे. मग कधीतरी मध्यस्थाकडून नकार यायचा. का, ते कुणी सांगायचं नाही. रंग, उंची, शिक्षण की पोहे? नकारापेक्षा त्या न सांगण्याचा मला भयंकर राग यायचा. आरशासमोर उभी राहून मी एकेक कारण स्वतःला लावून बघायचे, आणि मेलं प्रत्येक कारण बरोब्बर बसायचं.

पुढचे पाहुणे साखरा गावचे. मी आईला सांगून टाकलं, आता पोहे करणार नाही. वहिनी म्हणाली, "मग बर्गर करू." आईने कपाळाला हात लावला. "सोयरीक जमवायची हाय का मोडायची हाय?" पण तोवर वहिनीने माझ्या भावाला चाचांकडे पाव आणायला पिटाळलंही होतं.

मुलाच्या वडिलांनी वरचा पाव उचलून आत काय आहे ते पाहिलं आणि परत झाकून ठेवलं. त्याच्या आईला तो कुठून धरावा तेच कळेना. मुलगा शेती बघणारा, सावळा, कमी बोलणारा. त्याने आईच्या ताटलीतला बर्गर भाकरीसारखा मोडून दिला. "खा आता, माय." मग स्वतःच्या बर्गरला मोठा घास मारला. टिक्की मागच्या बाजूने सटकली, शर्टावर सॉस सांडला. तो ओशाळला नाही. टिक्की उचलून परत आत सारली आणि खात राहिला.

"छान झालंय बरं का," वडील म्हणाले.

"मीठ कमी पडलंय," मुलगा म्हणाला.

त्याच्या आईने त्याला कोपर मारलं, माझा भाऊ छताकडे बघायला लागला. मला मात्र पहिल्यांदाच मान वर करून समोरच्या माणसाचा चेहरा नीट बघावासा वाटला. मीठ खरंच कमी होतं. बटाटे कुस्करताना माझं लक्ष धड नव्हतंच.

निघताना त्याचे वडील दारात थांबले. "बरं, कळवतो आमी."

"कळवू नका," मी म्हणाले. "काय कमी पडलं ते आत्ताच सांगून जा."

माझ्या आईने तोंडाला पदर लावला. मुलगा खाली वाकून चपला घालत होता.

"सांगितलं की," तो म्हणाला. मग मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाला, "मीठ. बाकी काईच न्हाई."