न लावलेला फ्लास्क

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी दहा वाजता तीन हजार सहाशे डॉलरला हे काम ठरलं. हजर आम्ही चौघं होतो: पार्सिपनी गावचे काका, त्यांच्याबरोबर आलेल्या काकू, आमच्या लॅबच्या मॅनेजरबाई आणि मी. काका माझे सख्खे कोणी नव्हेत. नागपूरला शिकून इथे आलेले, सत्तरी ओलांडलेले निवृत्त केमिकल इंजिनिअर. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत भेट व्हायची, आणि तिथे ते सगळ्यांचेच काका होते. ही ओळख मी आदल्या दिवशीच मॅनेजरबाईंना ईमेलने कळवली होती. ओळखीमुळे आकडे बदलतील का, एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हणून उत्तर दिलं आणि दोन्ही ईमेल फाइलला लावले.

आमची लॅब छोटी आहे. लोक आपापली रसायनं आणून देतात, आणि ती नदीनाल्यात गेली तर तिथल्या जिवांचं काय होईल ते आम्ही मोजून देतो. माशांचा विभाग वेगळा आहे. माझ्याकडे शेवाळ आहे, गेली एकोणीस वर्षं. ते दगडावरचं निसरडं शेवाळ नव्हे. हे गोड्या पाण्यातलं एकपेशीय शेवाळ, नुसत्या डोळ्यांना फक्त पाण्याचा हिरवट रंग दिसतो. मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी चंद्रकोरीसारखी दिसते, अगदी कपाळावर काढलेली कोर.

काकांनी निवृत्तीनंतर एक एन्झाइम तयार केलं होतं. मागावर सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात, आणि कापड रंगवण्याआधी ती खळ काढावी लागते. काकांचं एन्झाइम ती खळ कोमट पाण्यातच खाऊन टाकत असे. पेनसिल्वेनियातला एक रंगाई कारखाना ते घ्यायला तयार झाला होता. त्या कारखान्याचं सांडपाणी प्रक्रिया होऊन एका ओढ्यात जातं, म्हणून त्यांनी अट घातली: लिटरला शंभर मिलिग्रॅमपर्यंत शेवाळाला काही होत नाही, असा अहवाल मेअखेरपर्यंत आणा. काकांना दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. ही ऑर्डर मिळाली नाही तर भाड्याची जागा आणि टाक्या सोडून द्यायच्या, असं त्यांनी त्या दिवशी सरळ सांगितलं. काकू शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पर्स या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

हे एन्झाइम पावडरच्या रूपात होतं. घाईने विरघळवलं तर त्याचा फेस होतो आणि गुठळ्या राहतात. म्हणून काकांनी ते घरीच, सावकाश, लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात विरघळवून आणलं होतं. बाटलीवर सुंदर अक्षरात लेबल होतं: वजन, तारीख, पाणी डिस्टिल्ड. प्राथमिक चाचणीसाठी गिऱ्हाइकाने आणलेलं द्रावण आमच्या नियमात बसतं. मी लेबल वाचलं, वहीत उतरवलं आणि बाटली फ्रीजमध्ये ठेवली. थोडी पावडरही वेगळी मागून घेतली.

चाचणी तशी साधी असते. काचेच्या फ्लास्कमध्ये शंभर मिलिलिटर पोषक पाणी घ्यायचं, त्यात मिलिलिटरला दहा हजार पेशी सोडायच्या. काही फ्लास्क तसेच ठेवायचे, बाकीच्यांत एन्झाइम कमीजास्त प्रमाणात घालायचं. मग सगळे फ्लास्क दिव्याखाली हलत्या फळीवर ठेवायचे आणि तीन दिवस रोज एकाच वेळी पेशी मोजायच्या. नुसते ठेवलेले फ्लास्क निकोप वाढले नाहीत, तर चाचणीच बाद. मला हे मोजायचं काम आवडतं. चौकोन आखलेली काच, हातात आकडे दाबायचं यंत्र, आणि वीस मिनिटं कोणी हाक मारत नाही. बायको म्हणते, घरातल्या किराण्याची यादी मी करतो तेव्हाही माझा चेहरा असाच होतो.

शुक्रवारी सकाळी शेवटची मोजणी झाली. नुसत्या फ्लास्कमध्ये दहा हजारांचे सरासरी सहा लाख ऐंशी हजार झाले होते. लिटरला एक, सव्वातीन आणि दहा मिलिग्रॅम एन्झाइम असलेल्या फ्लास्कमध्येही जवळपास तेवढेच. बत्तीसच्या फ्लास्कमध्ये पाच लाख वीस हजार. आणि शंभरच्या फ्लास्कमध्ये चाळीस हजार.

प्रत्येक प्रमाणाचे तीन-तीन फ्लास्क असतात; शंभरचे तिन्ही मी पुन्हा मोजले. एकोणचाळीस, एक्केचाळीस, चाळीस हजार. आकड्यांत गडबड नव्हती. शंभरला शेवाळ जवळजवळ वाढलंच नव्हतं. ओढ्याकाठच्या त्या कारखान्याला हा एक आकडा नाही म्हणायला पुरेसा होता.

काकांना मी त्याच दुपारी फोन केला. ते म्हणाले, "अरे, खळ खाणारं एन्झाइम आहे ते. शेवाळाचं काय खाणार आहे?" प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर मोजून काढता येण्यासारखं होतं. एन्झाइम उकळलं की मरतं. मेलेल्या एन्झाइमने शेवाळ वाढू दिलं, तर दोष एन्झाइमच्या कामाचा. मेल्यावरही तेच झालं, तर दोष दुसऱ्या कशाचा तरी. रिकामे फ्लास्क होते. मी कोणाला न विचारता उरलेल्या द्रावणातलं थोडं उकळलं, गार केलं आणि लावून टाकलं.

तीन दिवसांनी उकळलेल्या द्रावणातही बेचाळीस हजारच निघाले.

म्हणजे एन्झाइम मेलं तरी शेवाळ वाढत नव्हतं. बाटलीत दोनच वस्तू होत्या, पावडर आणि पाणी. पावडरीत काय काय आहे ते काकांनी लिहून दिलं होतं, आणि त्यात शेवाळाला मारील असं काही मला दिसत नव्हतं. उरलं पाणी. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की त्या पाण्याचा वेगळा फ्लास्क मी लावलाच नव्हता. शंभरच्या फ्लास्कमध्ये काकांचं द्रावण दहा मिलिलिटर जात होतं. तर मग तेच पाणी, एन्झाइमशिवाय, दहा मिलिलिटर घालून एक फ्लास्क शेजारी ठेवायला हवा होता. नव्या माणसाला मी पहिल्या आठवड्यात शिकवतो ती ही गोष्ट. लेबलवर डिस्टिल्ड लिहिलं होतं, अक्षर नीटनेटकं होतं, लिहिणारा माणूस माहितीचा होता, आणि मी पुढे गेलो. ओळखीमुळे आकडे बदलत नाहीत हे खरं. पण ओळखीमुळे एक फ्लास्क राहून गेला. हे मी मॅनेजरबाईंच्या खोलीत जाऊन तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, लिहून दे.

काकांना फोन करून पाण्याची चौकशी केली. पाणी दुकानातून आणलेलं, गॅलनचा सीलबंद कॅन. शनिवारी उघडून बाटली विसळली, सोमवारी द्रावण केलं. दुसरं कुठलंही पाणी त्यात गेलं नाही, याची ते शपथ घ्यायला तयार होते. कॅन अजून आहे का विचारलं, तर अर्ध्याहून जास्त भरलेला होता. मी म्हटलं, आहे तसा घेऊन या.

दुसऱ्या दिवशी दोघं तासाभराचा प्रवास करून आले. कॅन काकूंच्या हातात होता, टॉवेलात गुंडाळलेला. मॅनेजरबाईंनी त्याच्यावर नंबर चिकटवला आणि मी तो उचलताना नकळत झाकणाचा वास घेतला. काकूंना ते लागलं असावं.

"वास कसला घेतोस? पाणी चांगलं आहे ते," त्या म्हणाल्या. "दोन रात्री तांब्याच्या कळशीत होतं."

मॅनेजरबाईंना मराठी येत नाही, पण माझ्याकडे आणि काकांकडे पाहून त्यांनी पेन खाली ठेवलं.

काकूंनी मग सविस्तर सांगितलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. घरात प्लास्टिकमधलं पाणी आलं की त्या ते कळशीत ओततात, रात्रभर ठेवतात आणि परत भरून ठेवतात. लग्नात आलेली कळशी, इथे येताना सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून आणलेली. शनिवारी संध्याकाळी ओट्यावर उघडा कॅन दिसला. पिण्यासाठी आणला असेल असं समजून त्यांनी तो कळशीत ओतला, सोमवारी सकाळी परत भरला. काका तेव्हा अंघोळीला गेले होते.

"काय हे," काका म्हणाले. "कॅनला हात लावू नकोस म्हणून मी कितीदा सांगितलं असेल."

"कधी सांगितलंत? ओट्यावर ठेवलं ते प्यायचं, असा आपल्या घरात नियम आहे. तुमचं कामाचं पाणी तुम्ही गॅरेजमध्ये ठेवायचं होतं."

"प्रयोगाचं पाणी होतं ते."

"मग तसं लिहायचं. लेबलं लावायची एवढी हौस आहे, तर कॅनवरच नेमकं का नाही लावलं?"

मॅनेजरबाईंना मी इंग्रजीत सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, पण खिडकीकडे वळल्या. शेवाळाला तांबं सोसत नाही, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तळ्यातलं शेवाळ मारायला लोक मोरचूद टाकतात, तेही तांब्याचंच. आणि डिस्टिल्ड पाण्यात स्वतःचं काहीच नसल्यामुळे ते ज्या भांड्यात ठेवाल त्याच्यातलं घेतं.

तरी हा नुसता अंदाजच होता. मी त्याच दिवशी नवी चाचणी लावली. नुसते फ्लास्क, कॅनमधलं पाणी दहा मिलिलिटर घातलेले फ्लास्क, आणि पावडर लॅबच्या पाण्यात विरघळवून केलेल्या द्रावणाचे फ्लास्क, पहिल्यासारखेच पाचही प्रमाणांत. कॅनमधल्या पाण्याचा एक नमुना धातू मोजणाऱ्या विभागाकडे पाठवला. तिथून आकडा आला: लिटरला शून्य पूर्णांक चव्वेचाळीस मिलिग्रॅम तांबं.

तीन दिवसांनी निकाल हातात आला. नुसते फ्लास्क सहा लाख नव्वद हजार. कळशीतलं पाणी, एन्झाइमशिवाय, एक्केचाळीस हजार. आणि ताज्या द्रावणाचे शंभर मिलिग्रॅमचे फ्लास्क सहा लाख साठ हजार, म्हणजे निकोप. मी आकडे दोनदा लिहिले आणि मग थोडा वेळ नुसता बसून राहिलो. बरं वाटत होतं.

काका-काकूंना बोलावून फ्लास्कच शेजारी शेजारी ठेवून दाखवले. एक हिरवा, एक जवळजवळ पारदर्शक, एक हिरवा. काकूंना मायक्रोस्कोपमधून त्या चंद्रकोरी दाखवल्या. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारलं की आपण इतकी वर्षं घरच्यांना विष पाजलं की काय. मी म्हटलं, नाही. पिण्याच्या पाण्याला इथे जी मर्यादा आहे, तिच्या साधारण एक तृतीयांश तांबं त्यात होतं. माणसाला चालतं, शेवाळाला चालत नाही. त्यावर त्यांनी काकांकडे पाहिलं, आणि हे ऐकलं ना, असं तोंडाने न म्हणता विचारलं.

काकांचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"अहवालात पहिली चाचणी कशाला दाखवायची?" ते हळू आवाजात म्हणाले. "चुकीचं पाणी होतं, चाचणी चुकली, संपलं. शंभरला चाळीस हजार हा आकडा तिथल्या माणसाने पाहिला, तर पुढचं पान तो उलटणारच नाही."

मला ती भीती समजत होती. त्यांचं सगळंच त्या एका गिऱ्हाइकावर होतं, आणि पुढचं पान कोणी उलटील याची मला काही खात्री देता येत नव्हती.

"काका, तो आकडा मी मोजलाय," मी म्हटलं. "तो माझ्याकडून गाळला जाणार नाही. तो का आला ते मात्र पूर्ण लिहीन. माझी चूकही लिहीन."

त्यावर काकूच म्हणाल्या, "कळशीचंही लिही. खरं आहे ते लिहायला काय हरकत आहे?"

मी लिहिलं. पहिली चाचणी, उकळलेलं द्रावण, कॅनमधलं पाणी, तांब्याचा आकडा, ताजं द्रावण. कोणत्या दिवशी पाणी कोणत्या भांड्यात होतं, तेही. आणि पाण्याचा वेगळा फ्लास्क पहिल्यांदा लावला नाही ही लॅबची त्रुटी, असं एक वाक्य. चौदा पानं झाली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात काकांनी ती कारखान्याकडे पाठवली.

त्यानंतरचे नऊ दिवस काकांनी मला रोज फोन केला. अहवालाचं काही विचारायचे नाहीत, हवा कशी आहे विचारायचे. दहाव्या दिवशी कारखान्याच्या पर्यावरण विभागातल्या बाईंचा आम्हा दोघांना एकत्र ईमेल आला. त्यांनी चौदाही पानं वाचली होती. त्यांचा प्रश्न एकच होता: काकांच्या टाक्या आणि नळ कशाचे आहेत? काकांनी उत्तर दिलं: टाक्या स्टीलच्या, पण एका ठिकाणी दोन फूट तांब्याची नळी आहे. ती त्यांनी त्याच आठवड्यात काढून टाकली, फोटो पाठवला, आणि नव्या नळीतून आलेल्या पाण्यातलं तांबं आमच्याकडूनच मोजून घेतलं. काही सापडलं नाही. ऑर्डर मेच्या पहिल्या सोमवारी आली, आधी बोलणं झालं होतं त्याच्या दोन तृतीयांश. बाकीची सहा महिन्यांनी बघू, असं पत्रात होतं. काकांनी जागेचा करार एका वर्षाने वाढवून घेतला.

बिल मी स्वतः मॅनेजरबाईंबरोबर बसून केलं. पहिली चाचणी, ठरल्याप्रमाणे, तीन हजार सहाशे. दुसरी चाचणी निम्म्या दरात, अठराशे, कारण चूक दोन्हीकडची होती. उकळलेल्या द्रावणाचं काही लावलं नाही, कारण ते मी न विचारता केलं होतं. तांबं दोनदा मोजलं, साठ-साठचे एकशेवीस. एकूण पाच हजार पाचशेवीस डॉलर, लॅबच्या नावाने चेक, मेच्या दुसऱ्या शुक्रवारी मिळाला. सही काकूंची होती.