‘मला भूक लागली’ म्हणणारं मूल

शॉर्ट फिल्म पंधरा मिनिटांत संपते, पण ती बनताना जे घडतं ते पुढे कित्येक चहांना पुरतं. आमचा ग्रुप भेटला की कुणीतरी म्हणतंच, ‘ते सांग ना, किरणच्या फिल्मचं.’ मी साउंड करते, म्हणजे हेडफोन लावून गप्प बसते. त्यामुळे ऐकलेलं बरंच साचलंय माझ्याकडे.

फिल्म एका तेरा वर्षांच्या इंटरसेक्स मुलाची. म्हणजे जन्मतःच शरीर असं, की डॉक्टरांना धड मुलगाही म्हणता येईना, धड मुलगीही. दिग्दर्शक आमचा मंदार. गोष्ट किरणची, खरीखुरी. किरण तळवलीचा. घरच्यांनी मुलगी म्हणून वाढवला, आता पुरुष म्हणून जगतो, महापेला लॅबमध्ये नोकरी करतो.

*

पहिल्या वाचनाला मंदारने फिल्मचा पहिला सीन वाचला. मूल बाथरूममध्ये आरशासमोर उभं, कपडे उतरवतंय, स्वतःकडे बघतंय. परदेशी फिल्म्समध्ये असं असतं, म्हणाला. आम्हीही माना डोलावल्या.

किरणने शांतपणे कप खाली ठेवला.

“मी कधी आरशात बघितलंच नाही. बघायला बाकीचे होते ना.”

तो सीन तिथेच गेला.

*

मग संवाद अडले. मूल ‘मी आले’ म्हणणार की ‘मी आलो’? मंदार म्हणे, आधी आले, शेवटी आलो, म्हणजे प्रवास दिसेल. मी म्हटलं, जरा सोपं होतंय. वाद तापला. दोघंही एकमेकांवर चिडलो आणि जिच्यावरून, म्हणजे ज्याच्यावरून भांडतोय तो समोरच बसलाय हे विसरलो. माझ्या जिभेचीही अशी गडबड व्हायची तेव्हा.

किरणला विचारलं, तू काय म्हणायचास?

“काहीच नाही. मला भूक लागली. मला झोप येतेय. मला शाळेत जायचंय. ‘मला’वर चालवली मी दोन वर्षं. कुणाच्या लक्षात आलं नाही.”

मंदारने सगळे संवाद पुन्हा लिहिले. फिल्मभर ते मूल ‘मी’ म्हणत नाही. बघणाऱ्यांना कळतही नाही, फक्त काहीतरी अडकल्यासारखं वाटत राहतं.

*

ऑडिशनला एक पोरगा आला होता, नाटकात कामं करणारा. बारीक आवाज काढून, मान वेळावत चालून दाखवलं त्याने. खोलीत कुणाला कुठे बघावं कळेना. किरणने त्याला जवळ बोलावून विचारलं, तू घरी असा चालतोस का? तो म्हणाला, नाही.

“मीपण नाही,” किरण म्हणाला.

रोल ऋतुजाला मिळाला. ती एकटीच अशी, जिने किरणला शरीराबद्दल काही विचारलं नाही. तिने विचारलं, “त्या वर्षी डबा कुणाबरोबर खायचात?”

*

घराचे सीन कोपरखैरण्याला, माझ्या मावशीच्या फ्लॅटमध्ये. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात. कुणीतरी त्यांना विषय सांगितला होता. फॅमिली सोसायटी आहे, पोरंबाळं राहतात, आवरा हे, असं बरंच बोलले. मंदारचा आवाज चढायला लागला. काकांनी मग किरणकडे मोर्चा वळवला. तुम्ही जरा समजूतदार दिसता, म्हणाले, तुम्हीच सांगा यांना, असली मुलं काय आपल्यासारख्यांच्या घरात असतात का?

“असतात काका. तुम्ही आत्ता एकाशीच बोलताय.”

मावशीच्या कुकरची शिट्टी झाली. काकांनी किरणला खालपासून वरपर्यंत बघितलं, मग स्वतःच ओशाळले.

“लिफ्ट अडवू नका म्हणजे झालं,” म्हणाले आणि जिन्याने उतरून गेले.

*

हॉस्पिटलचा सीन शिरवण्याला, एका बंद पडलेल्या दवाखान्यात. मूल पलंगावर, भोवती शिकाऊ डॉक्टर. मंदारला शॉट हवा होता गाउन उचलण्याचा, फक्त गुडघ्यापर्यंत. ऋतुजा एकोणीस वर्षांची, सगळ्याला तयार असलेली मुलगी. पण तिची मूठ गाउनवरून सुटेना. माझ्या कानात तिचा श्वास वाजत होता. मंदार समजावत होता, ट्रस्ट मी, ट्रस्ट मी. किरण उठून बाहेर गेला.

परत आला तो थेट कॅमेऱ्याकडे. कॅमेरा वळव म्हणाला, तिच्यावर नको, बघणाऱ्यांवर ठेव. मंदारने वळवला. डॉक्टर झालेली आमचीच मित्रमंडळी होती. कॅमेरा तोंडावर आल्यावर त्यांची पंचाईत झाली, एकाने नजर खाली घातली.

“तू खाली बघू नकोस,” किरण म्हणाला. “तेव्हा कुणी खाली बघितलं नव्हतं.”

तो शॉट एका टेकमध्ये झाला.

*

फिल्म दाखवली नेरूळच्या एका छोट्या हॉलमध्ये. किरणने आईला बोलावलं होतं. ती येईल असं त्यालाही वाटत नव्हतं; तेराव्या वर्षी झालेल्या त्याच्या ऑपरेशनबद्दल दोघं कधी बोललेच नव्हते. तेव्हा त्याला ‘पोटाचं हाय’ एवढंच सांगितलं होतं. फिल्ममधली आईही तेवढंच सांगते.

ती आली. शेवटच्या रांगेत बसली. पूर्ण फिल्मभर किरण पडद्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता. दिवे लागले, टाळ्या झाल्या, लोक पांगले. ती उठून किरणकडे गेलीच नाही. सरळ ऋतुजापाशी आली आणि तिचा हात धरला.

“लय दुखलं का गं तुला?”

ऋतुजा गोंधळली. काकी, मी नुसती अॅक्टिंग केली, असं काहीतरी म्हणाली.

“व्हय, ठावं हाय मना,” आई म्हणाली. हात सोडला नाही. “पन दुखलं का?”

ऋतुजाने माझ्याकडे बघितलं. किरण चार पावलांवर खुर्च्या घडी करून ठेवत होता. त्याचे हात थांबले. वळला नाही.

“हो आई,” तो म्हणाला. “फार दुखलं.”