बुणगे नेणार की सोडणार?

नोएडातल्या आमच्या सोसायटीत एक सुभेदार राहत. ते दर वर्षी पानिपत हरत. संक्रांतीच्या जवळचा रविवार, क्लबहाऊसमधलं टेबल टेनिसचं टेबल, त्यावर करंगळीच्या पेराएवढे रंगवलेले मराठे आणि गिलचे, आणि टेबलाच्या एका टोकाला स्वेटर, त्यावर जाकीट, त्यावर मफलर आणि सगळ्यांवर माकडटोपी चढवून उभे असलेले सुभेदार. लढाईआधी दोन्ही पक्ष एकमेकांना तिळगूळ देत, गोड बोलायचं कबूल करत आणि मग कत्तलीला सुरुवात होई. पाच वाजता सोसायटीतली मुलं रॅकेट घेऊन दारात येत आणि टेबल मोकळं करून द्यावं लागे. तोवर सुभेदार हरलेले असत.

मी गिलचा होते, म्हणजे अफगाण. सोसायटीत मराठी घरं चार-पाच होती, पण त्या बाजूनं लढायला एकही पुरुष तयार होईना. पिढीजात अब्रूचा प्रश्न होता. मी सुभेदारांच्या वरच्या मजल्यावर राहायचे. एका संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले, तर त्यांनी विचारलं, "सरकारी नोकरीत आहात ना? मग हुकूम पाळायची सवय असेल." मी तेव्हा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते, त्यामुळे नाही म्हणता येईना. त्या दिवशी गिलच्यांकडे माझी जी नेमणूक झाली, तिथून बदली म्हणून कधी झाली नाही. सुभेदार मला लिफ्टमध्ये चारचौघांत 'गिलचीणबाई' अशी हाक मारत. शेजारच्या आंटी त्यामुळे बरीच वर्षं मला 'गिल मॅडम' म्हणत, आणि माझं सासर पंजाबी आहे असा त्यांचा पक्का समज होता.

सुभेदारांना मात्र सगळी सोसायटी 'कर्नल साहब' म्हणे. फौजेतून निवृत्त झालेला माणूस दिल्लीत कर्नलच्या खाली उतरत नाही. ते प्रत्येक वेळी थांबून दुरुस्ती करत, "सुभेदार. रसदवाला." समोरच्याला घाई असली तरी दुरुस्ती पुरी होई. साताऱ्याकडच्या एका गावातून ते फौजेत भरती झाले आणि जन्मभर पीठ, डाळ, रॉकेल आणि खेचरांचा चारा वेळेवर पोचवत राहिले. एका छावणीत त्यांची ड्यूटी वाळूच्या नकाशाच्या खोलीत लागली होती. अफसर लोक वाळूवर लाकडाचे ठोकळे सरकवून लढाया लढत आणि हे वाळू सारखी करत. "साहेब लोक लढायांवर लढाया जिंकले," ते सांगत, "पण एकदाही कुणाला भूक लागली नाही." निवृत्तीनंतर स्वतःची फौज उभी करायची ही खूणगाठ त्यांनी तिथंच बांधली असावी.

फौज उभी करणं हे वर्षभराचं काम होतं. धातूचे सैनिक बाहेरून यायचे, सोललेल्या काजूसारखे कोरे. ते एकेक बाटलीच्या बुचावर चिकटवायचे, आधी अंगभर काळा हात द्यायचा, मग अंगरखा, मग पागोटं, मग पातळ केलेला तपकिरी रंग चुण्यांतून सोडायचा. "सावली आधी, माणूस मागून," असं त्यांचं सूत्र होतं. चेहरा सगळ्यांत शेवटी. त्याचं कारण मी एकदा विचारलं. म्हणाले, "तोंड रंगवलं की तो आपला होतो. मग मारवत नाही." हाच नियम गिलच्यांनाही लागू होता. माझ्या सैन्यातल्या प्रत्येकाला भुवया होत्या. तयार फौज बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत राही. सैनिकांच्या पायाखाली फ्रिजवरच्या चुंबकाचे तुकडे लावलेले असल्यानं डबा हलवला तरी कुणी पडत नसे. घोडदळ बटर बिस्किटांत, बंदूकवाले गारदी खारी बिस्किटांत, गिलचे क्रीमच्या बिस्किटांत. मला काहीतरी कळावं म्हणून त्यांनी मलाही ब्रश दिला होता, पण माझ्या हातून एका सरदाराचे दोन्ही डोळे एकाच बाजूला आल्यावर तो सौम्य शब्दांत परत घेतला.

सगळ्यांत मोठा डबा बुणग्यांचा होता. हा शब्द मला माहीत नव्हता. माझं सगळं शिक्षण दिल्लीत झालं. मराठी घरापुरतं आणि घरात जेवढं लागतं तेवढंच. पहिल्या वर्षी सुभेदार म्हणाले, "आता बुणगे मांडतो." मला ऐकू आलं 'भुंगे'. पानिपतच्या मैदानावर भुंग्यांचं काय काम, असं मनात आलं, पण गिलच्यांना मधमाश्यांनी पळवलं वगैरे काही आख्यायिका असेल म्हणून मी गप्प बसले. डब्यातून निघाल्या बायका, म्हातारे, तीर्थयात्रेला निघालेली माणसं, कारकून, वाणी, पाण्याच्या पखाली, एक भटजी, एक गाभण म्हैस. मग त्यांनी समजावून सांगितलं. फौजेबरोबर चालणारी, पण न लढणारी जी माणसं, ते बुणगे. शब्द शिवीसारखा वापरतात. लढणाऱ्यांपेक्षा हेच जास्त होते. असे पुतळे कुठं विकत मिळत नाहीत, कारण लढाई खेळणाऱ्यांना ते नकोच असतात. सुभेदारांनी ते तारेवर पुट्टी चढवून स्वतः घडवले होते, गळका नळ बुजवायची पुट्टी.

त्यांत एक लोखंडी ट्रंक होती. काळी, पांढऱ्या अक्षरांत नाव घातलेली. शेजारी हिरव्या साडीतली बाई, आणि ट्रंकेवर निळा स्वेटर घालून बसलेलं एक पोर. पेशवाईत असल्या ट्रंका नव्हत्या, एवढा इतिहास मलाही येत होता. तसं म्हटल्यावर सुभेदार म्हणाले, "तो इतिहास नाही. ती आमची ट्रंक." त्यांच्या पत्नी जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. "आमची मंडळी जन्मभर बुणग्यांतच होती," ते म्हणाले. "एक छावणी सुटली की दुसरी. रिझर्वेशन मिळालं तर मिळालं, नाहीतर पोराला ट्रंकेवर बसवायचं." फौजी लोक बायकामुलांना एकत्रितपणे 'फॅमिली' म्हणतात, सुभेदारही म्हणत.

लढाईचा नियम सोपा होता. मराठे उपाशी आहेत, कोंडी फोडून त्यांना टेबलाच्या दुसऱ्या कडेला पोचायचंय. ती कड म्हणजे दिल्ली. बुणगे बरोबर घेतले तर फौज एका पाळीत एक वीत सरकते, सोडले तर दोन विती. म्हणून पहिल्या पाळीआधी गिलच्यानं समोरच्याला मोठ्यानं विचारायचं, "बुणगे नेणार की सोडणार?" सुभेदार दर वर्षी जणू पहिल्यांदाच ऐकल्यासारखा प्रश्न ऐकून घेत आणि म्हणत, "नेणार." मग बायका, म्हैस, भटजी आणि ट्रंक मधोमध, भोवती फौजेचा गोल, आणि वीत-वीत करत ते माझ्याकडे मरायला येत.

पंच म्हणून फरीदाबादहून एक दातांचे डॉक्टर येत. त्यांची स्वतःची फ्रेंच फौज होती आणि दात कोरायच्या हत्यारांनी ते तिच्या मिश्या कोरत. अंतर मोजायची सळई त्यांच्या हातात असे, आणि सुभेदारांसाठी तिची वीत थोडी मोठी होई, हे मी पाहूनही पाहत नसे. त्यांचा जीव तुटायचा. "सुभेदार साहब, एक बार छोड़ के देखो ना यार. पुट्टी के तो हैं." सुभेदार तिळगुळाची वाटी त्यांच्यापुढे सरकवत आणि म्हणत, "डॉक्टर साहब, रसदवाला हूँ. मेरा काम पहुँचाना है, जीतना नहीं." एका वर्षी मी मुद्दाम डावी बाजू उघडी ठेवली. त्यांनी लढाई थांबवली. गिलच्यांनी दया दाखवल्याचा कुठंही पुरावा नाही, असं म्हणून माझं घोडदळ स्वतःच्या हातानं जागेवर आणून ठेवलं, आणि मग हरले.

पुढं त्यांचे हात कापायला लागले. आधी भुवया बंद झाल्या, मग चेहरेच. शेवटचे काही बुणगे तसेच बिनचेहऱ्याचे राहिले. नोएडाचं घर त्यांचा मुलगा अविनाश याचं. तो कंपनीच्या कामानं बंगळूरला गेला होता आणि आता हे घर विकायचं ठरलं होतं. तिकडचा फ्लॅट लहान, नवराबायको दोघं नोकरीवर, दिवसभर घरात कुणी नाही. म्हणून गुडगावच्या पलीकडे ज्येष्ठांच्या एका निवासात खोली बघितली होती. मुलगा वाईट नव्हता, रोज फोन करायचा. सुभेदारांनी मला जिन्यात सांगितलं, "पोस्टिंग आलंय." मी विचारलं, किती दिवसांचं. "लास्ट पोस्टिंग," ते म्हणाले. तिथं दोन बॅगांहून जास्त सामान चालत नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, पण कुणाचा ते ठरवता येईना.

सामान आवरायला अविनाश आला तो नेमका संक्रांतीला. त्या रविवारी सुभेदारांच्या हातून मांडतानाच दोन घोडे आडवे झाले. मग ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "अवि, माझ्या जागी तू उभा राहा." अविनाशनं नियम समजून घेतले. तो हुशार होता. मी विचारलं, "बुणगे नेणार की सोडणार?"

"सोडले तर काही पेनल्टी आहे का?" त्यानं विचारलं.

डॉक्टरांनी उत्साहानं सांगितलं की काहीच नाही.

"मग सोडणार. ऑब्व्हियसली."

मुलं रॅकेट घेऊन यायच्या कितीतरी आधी मराठे दिल्लीत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टरांनी अविनाशला मिठी मारली. पिढीजात अब्रूवाले शेजारी बातमी ऐकून खाली आले आणि माझ्याकडे बघून हसले. खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला. इतकी वर्षं जिंकून मी दमले होते.

सुभेदार उठून, फौज जिथून निघाली होती त्या टोकाला गेले होते. तिथं बुणगे होते तसेच उभे होते, भोवती कुणी नाही. ते एकेकाला उचलून डब्यात ठेवायला लागले. हात कापत असल्यानं वेळ लागत होता. मग वर न बघता म्हणाले, "जिंकलास. चांगलं झालं. आता ह्यांच्या घरी कळवायला कुणाला पाठवतोस?"

"बाबा, गेम आहे," अविनाश म्हणाला.

"हो. गेमच आहे."

आवाजात राग नव्हता. रसद पोचली नाही की विचारतात, तसं विचारलं होतं. अविनाश मदतीला गेला. शेवटी ट्रंक राहिली होती. त्यानं ती उचलली, डोळ्यांजवळ नेली, आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

"हा शाळेचा स्वेटर ना?"

"केंद्रीय विद्यालयाचा," सुभेदार म्हणाले. "आईनं बाह्या लांब विणल्या होत्या तुझ्या. वाढत्या अंगाच्या."

खरोखरच त्या पेराएवढ्या पोराच्या बाह्या हाताबाहेर लोंबत होत्या. इतकी वर्षं मला ते रंगकामातली चूक वाटत होतं. अविनाशनं ट्रंक डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझी बेल वाजवली. मोठे खोके आहेत का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, तिथं दोनच बॅगा चालतात ना? तो माझ्या पायपुसण्याकडे बघत म्हणाला, "बंगळूरला न्यायचंय. आईची ट्रंक पण आहे." मी खोके होते नव्हते ते सगळे दिले.

फौज सुभेदारांनी माझ्याकडे ठेवली. "गिलचे तुमचेच आहेत. मराठे सांभाळा," एवढंच म्हणाले. बुणग्यांचा डबा तेवढा मांडीवर घेऊन गाडीत बसले. दुपारी विमानतळावरून त्यांचा फोन आला. सामान तपासणाऱ्या जवानानं डबा उघडायला लावला होता. आत बघून त्यानं विचारलं, "बाबाजी, ये फौज है?" यांनी सांगितलं, "नहीं बेटा, फॅमिली है." जवानानं झाकण नीट लावून दिलं आणि सलाम केला. तो कर्नल समजूनच केला असणार, पण मागं रांग होती, म्हणून दुरुस्ती करायची राहिली. त्याची त्यांना रुखरुख लागली होती.

बंगळूरला ते दोन संक्रांती होते. थंडी नसूनही माकडटोपी घालत, असं अविनाश फोनवर सांगायचा. तिसऱ्या संक्रांतीला तो एकटा आला. सुभेदार दिवाळीनंतर गेले होते, झोपेतच. डॉक्टर फरीदाबादहून आले, टेबल मिळालं, तिळगूळ झाला. मी फौज मांडली आणि अविनाशनं आपल्या बॅगेतून डबा काढून बुणगे मांडले. सगळे ओळखीचे होते. ट्रंकेजवळ एक जण नवा दिसला. पुट्टीचा नुसता गोळा होता, रंग अजून नखाला लागत होता आणि डोळे दोन्ही एकाच बाजूला आले होते. पण स्वेटरवर जाकीट, जाकिटावर मफलर आणि माकडटोपी, एवढं ओळखू येत होतं.

नियम होता, विचारणं भाग होतं.

"बुणगे नेणार की सोडणार?"

"नेणार," अविनाश म्हणाला.

पाच वाजायच्या आत तो हरला.